फुजीफिल्म एक्स-टी५ की निकॉन झेड एफ : जुन्या वळणाच्या दोन कॅमेऱ्यांमधील निवड

दुकानातील काचेवर फुजीफिल्मचा एक्स-टी५ आणि निकॉनचा झेड एफ शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच घरातील भावंडांसारखे दिसतात. दोघांच्या माथ्यावर आकडे कोरलेल्या डायल आहेत, मध्यभागी व्ह्यूफाइंडरचा उंचवटा आहे आणि दोघेही फिल्मच्या काळातील कॅमेऱ्यांची आठवण करून देतात. एक्स-टी५ नोव्हेंबर २०२२ मध्ये आला आणि झेड एफ सप्टेंबर २०२३ मध्ये. घेणारा माणूस बहुधा आधी मेगापिक्सेल आणि सेन्सर यांची तुलना करतो. त्या आकड्यांना महत्त्व आहेच. परंतु ज्याला हे रूप पाहून कॅमेरा घ्यावासा वाटतो, त्याने सर्वप्रथम त्या डायल प्रत्यक्षात काय काम करतात हे नीट समजून घ्यावे, कारण दोन्ही कॅमेऱ्यांमधील सर्वांत मोठा फरक तिथेच आहे.

फुजीच्या बहुतेक एक्सएफ लेन्सवर ॲपर्चरची (लेन्सच्या छिद्राच्या मापाची) रिंग असते, शटरवेगाची (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा त्याची) डायल उजवीकडे आणि आयएसओची (प्रकाशसंवेदनशीलतेची) डावीकडे असते, आणि या तिन्हींवर आकड्यांबरोबर ‘ए’ (म्हणजे आपोआप) हे एक अक्षर असते. ॲपर्चर आणि शटर दोन्ही ‘ए’वर ठेवले की दोन्ही मापे कॅमेरा ठरवतो, रिंग एफ/४ वर आणली की ॲपर्चर तुमचे आणि शटर कॅमेऱ्याचे, शटरची डायलही १/२५० वर आणली की दोन्ही तुमचे. निरनिराळ्या पद्धती निवडण्यासाठी वेगळी डायल लागतच नाही, आणि कॅमेरा बंद असतानाही नुसत्या नजरेने पुढचे छायाचित्र कोणत्या मापांवर निघणार आहे ते कळते. एक्सपोजर, म्हणजे छायाचित्रासाठी किती प्रकाश घ्यायचा, हे शिकणाऱ्या माणसाला याहून स्पष्ट रचना आजच्या कॅमेऱ्यांत क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे. बदलत्या ॲपर्चरच्या काही झूम लेन्सच्या रिंगवर मात्र आकडे नसतात आणि स्वस्त एक्ससी लेन्सवर रिंगच नसते, हे विकत घेताना लक्षात ठेवावे.

झेड एफच्या डायल पितळेच्या आहेत, त्यांची फिरत दमदार आहे, आणि निकॉनच्याच १९८२ च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याची घडण त्यात मनापासून उतरवलेली आहे. पण त्याला शोभतील अशा ४० मिमी एफ/२ आणि २८ मिमी एफ/२.८ या एसई लेन्स जुन्या दिसत असल्या तरी त्यांच्यावर ॲपर्चरचे आकडे नाहीत. ॲपर्चर बदलायचे ते पुढच्या चाकाने, आणि वाचायचे ते माथ्यावरील छोट्याशा खिडकीत. शिवाय आयएसओच्या डायलखाली पी (दोन्ही मापे कॅमेऱ्याची), एस (शटर तुमचे), ए (इथे ॲपर्चर तुमचे), एम (दोन्ही तुमचे) अशी कळ आहे. ती ‘ए’वर असताना शटरची डायल १/२५० दाखवत असली तरी कॅमेरा १/६० वर छायाचित्र काढत असू शकतो, म्हणजे कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष माप यांचा संबंध तुटतो. ‘एम’वर किंवा ‘एस’वर काम करणाऱ्याला हा प्रश्न येत नाही, ॲपर्चर हाताशी ठेवून बाकीचे कॅमेऱ्यावर सोपवणाऱ्याला मात्र तो रोज येतो, आणि असे छायाचित्रकार संख्येने बरेच आहेत.

एका परिस्थितीत मात्र हे पारडे पूर्ण उलटते. घरात निकॉनच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्स असतील, तर एफटीझेड २ अडॅप्टर (जुन्या लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) लावून त्या झेड एफवर चालतात. मग ॲपर्चरची खरी रिंग बोटाखाली येते, फोकसही बोटानेच होतो, आणि अशा लेन्सवरही कॅमेरा समोरचा चेहरा व डोळा ओळखून तेवढा भाग मोठा करून दाखवू शकतो. एफएम२ वापरलेल्या माणसाला यात जो आनंद आहे तो फुजी देऊ शकणार नाही. मात्र सर्वच जुन्या लेन्सकडून ही अपेक्षा ठेवू नये. ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या, बॉडीतील मोटरवर फिरणाऱ्या लेन्सचा ऑटोफोकस या अडॅप्टरवर चालत नाही, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा चालतो. डीएसएलआरसोबत आलेली १८-५५ ही डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) लेन्स लावली, तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि छायाचित्र सुमारे १० मेगापिक्सेलचे मिळते. घरातील संच कामी येईल या भरवशावर झेड एफ घेणाऱ्याने प्रत्येक लेन्सवरील अक्षरे आधी वाचून घ्यावीत.

आता सेन्सर. एक्स-टी५ मध्ये एपीएस-सी आकाराचा ४०.२ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, तर झेड एफमध्ये फुल फ्रेम आकाराचा २४.५ मेगापिक्सेलचा. झेड एफच्या सेन्सरचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक असल्यामुळे समान ॲपर्चर आणि समान शटरवेगावर अंधारातील छायाचित्र साधारण एका स्टॉपने (म्हणजे दुप्पट प्रकाश मिळाल्याइतके) स्वच्छ येते. समईच्या उजेडातले कीर्तन किंवा रात्रीची मिरवणूक यांसारख्या ठिकाणी हा फरक डोळ्यांना दिसतो. पण फुजीवर २३ मिमी एफ/१.४ आणि निकॉनवर ३५ मिमी लेन्स एफ/२ वर अशी जोडी लावली, तर दृश्याची रुंदी सारखीच राहते, पार्श्वभूमीची धूसरताही जवळपास सारखी येते, आणि अंधारातील हा फायदा बहुतांशी मिटतो. उलट भरपूर उजेडात, लेण्यातील कोरीव काम किंवा गडावरून दिसणारी डोंगररांग टिपताना, फुजीचे जास्तीचे मेगापिक्सेल मोठ्या छपाईला आणि नंतरच्या काटछाटीला उपयोगी पडतात. हात हलल्याने येणारी धूसरता रोखण्याची सोय दोघांच्या बॉडीतच आहे. कंपन्यांच्या मोजणीप्रमाणे फुजीची ७ स्टॉपची आणि निकॉनची ८ स्टॉपची. धावत्या विषयाच्या फोकसमध्ये मात्र निकॉन स्पष्टपणे पुढे आहे. निकॉनच्याच वरच्या दर्जाच्या झेड ९ मध्ये असलेला एक्स्पीड ७ हाच प्रोसेसर यात आहे, आणि अंगणात पळणारे मूल किंवा नाचणारे ढोलपथक तो अधिक खात्रीने धरून ठेवतो.

रंगांच्या बाबतीत फुजीचा अधिकार जुना आहे. १९३४ मध्ये फिल्म बनवण्यासाठीच उभ्या राहिलेल्या या कंपनीने आपल्या प्रोव्हिया, वेल्व्हिया, अस्टिया, अॅक्रोस या फिल्मच्या नावांनी रंगछटा कॅमेऱ्यात दिल्या आहेत. एक्स-टी५ आला तेव्हा त्यात अशा एकूण १९ छटा होत्या. वेल्व्हिया पावसाळ्यातील सह्याद्रीवर वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मुळातच गडद असलेली हिरवाई तीत गुदमरते. क्लासिक क्रोम तिथे अधिक संयत दिसते. झेड एफमध्ये शटरच्या डायलखालची कळ सरकवली की कॅमेरा थेट कृष्णधवल होतो, आणि ही सोय फार सुंदर आहे. रॉ (कॅमेऱ्याने न रंगवलेली मूळ) फाइल काढून संगणकावर रंग बसवणाऱ्यासाठी या सगळ्याचे मोल अर्थातच कमी होते.

वजनाचा विचार लेन्ससकट करावा. बॅटरी आणि कार्डासह एक्स-टी५ ५५७ ग्रॅमचा आहे, झेड एफ ७१० ग्रॅमचा. फुजीवर १६-८० एफ/४ आणि निकॉनवर २४-१२० एफ/४ या जवळपास सारख्याच आवाक्याच्या लेन्स लावल्या, तर एकूण वजन अनुक्रमे सुमारे १,००० आणि १,३४० ग्रॅम होते. आळंदीपासून वारीबरोबर दिवसभर चालणाऱ्याच्या मानेला हा फरक दुपारनंतर कळतो. त्यातच झेड एफला पुढून पकड जवळजवळ नाही, त्यामुळे जड लेन्ससाठी वेगळी पकड विकत घेऊन बसवावी लागते. एका चार्जवर फुजी सुमारे ५८० छायाचित्रे देतो, निकॉन साधारण ३६० ते ३८०.

लग्नाचे काम घेणाऱ्यांनी कार्डांची मांडणी अवश्य पाहावी. फुजीत दोन एसडी कार्डे बाजूच्या झाकणाखाली बसतात. निकॉनमध्ये एक एसडी आणि एक मायक्रोएसडी अशी दोन्ही खाली बॅटरीच्या कप्प्यात आहेत, तिपाईची पट्टी लावली की ते झाकण अडू शकते, आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत ठेवायची तर मायक्रोएसडीचा खाचा संथ पडतो. स्क्रीनचे उलट आहे: निकॉनचा बाजूला उघडून पूर्ण फिरतो, व्हिडिओत स्वतः बोलणाऱ्याला तोच हवा, फुजीचा वर-खाली आणि एका बाजूला कलतो, पण पुढे वळत नाही.

माझा कौल असा: पायी फिरत, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक माप स्वतः ठरवून छायाचित्रे काढायची असतील, तर एक्स-टी५ घ्यावा. रात्रीचे प्रसंग आणि घरातील लहान मुले हा मुख्य विषय असेल, किंवा कपाटात निकॉनच्या जुन्या लेन्स जपून ठेवलेल्या असतील, तर झेड एफ. तरीही मन ठरत नसेल, तर दुकानात झेड एफ हातात घेऊन कळ ‘ए’वर ठेवा, शटरची डायल दोनचार घरे फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमधील आकडा त्यामुळे हलत नाही हे पाहा, मग एक्स-टी५ ची शटरची डायल तशीच फिरवून पाहा.