ट्रॅक डेसाठी गाडी घेताय? ड्युअल क्लच की मॅन्युअल

ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा, डाव्या पायाला काम न देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शोरूममधला मुलगा तुम्हाला सांगेल की फॉर्म्युला वनच्या गाडीत हाच गिअरबॉक्स असतो. मान डोलवा आणि सोडून द्या. फॉर्म्युला वनच्या गाडीत ड्युअल क्लच नसतो, तिथली व्यवस्था निराळी. ड्युअल क्लच शर्यतीत मुरला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांवर. पोर्शेने १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ वर तो घासूनपुसून घेतला, १९८६ मध्ये मॉन्झाची शर्यत त्यावर जिंकलीही. तेव्हाच्या ड्रायव्हरांची तक्रार होती ती वजनाची. रस्त्यावरच्या गाडीत तो यायला २००३ उजाडलं, तोही फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये. पोर्शेच्या स्वतःच्या ९११ला तो २००८ मध्ये मिळाला. त्यामुळे ‘ऑटोमॅटिक म्हणजे बायका-म्हाताऱ्यांची गाडी’ असं अजूनही कोणी म्हणत असेल, तर त्याला बोलू द्यावं.

आपला प्रश्न त्या मानाने साधा आहे. पुण्या-मुंबईतला माणूस, गाडी एकच. आठवडाभर ऑफिस, आणि वर्षातून जमेल तेव्हा कोइमतूर नाहीतर चेन्नईचा ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस. बजेट टर्बो पेट्रोल सेडानचं किंवा एखाद्या जुन्या स्पोर्टी गाडीचं. मी आधी मॅन्युअल चालवली, आता ड्युअल क्लच आहे. एका मित्राकडे माझ्याच मॉडेलची मॅन्युअल आहे आणि ट्रॅकवर आम्ही गाड्यांची अदलाबदल करतो. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली ज्या खोडी सांगतोय त्या अशा बऱ्याच गाड्यांत सापडतात, एकाच कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

ट्रॅकपर्यंतच्या प्रवासाचं दोन वाक्यांत सांगतो, कारण तिथे वादच नाही. पुण्याहून कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकला, पोचायचं म्हणजे जवळपास बाराशे किलोमीटर, आणि बंगळूर ओलांडताना जो काही वेळ जातो त्यात डावा पाय शाबूत राहिला तर दुसऱ्या दिवशी तो कामाला येतो.

गरम होण्याची भीती मात्र सगळे चुकीच्या जागी बाळगतात. ‘ट्रॅकवर ड्युअल क्लच तापतो, विशेषतः ड्राय क्लचवाला, म्हणजे बिनतेलाचा,’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. थोडा विचार करा. क्लच तापतो तो घसरताना. ट्रॅकवर गाडी पळत असते तेव्हा क्लच पूर्ण धरलेला असतो, गिअर बदलताना क्षणभर काय घसरेल तेवढाच. खरा छळ होतो तो हिंजवडीच्या रांगेत इंच इंच सरकताना, किंवा चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरताना. माझ्या गाडीने तापल्याची खूण ट्रॅकवर कधी दाखवली नाही. दाखवली ती पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याच्या रांगेत. ट्रॅकवर जपायचं ते सुरुवातीच्या लाँचला, म्हणजे उभी गाडी एकदम पळवण्याला, आणि पिट लेनमधल्या सरकण्याला. दर थोड्या वेळाने मित्रांना लाँच कंट्रोल दाखवायची हौस असेल तर मात्र वेट क्लचवालीच बघा, तिथे क्लच तेलात बुडालेला असतो. त्या तेलाचा बदलायचा खर्च वेगळा.

आता ड्युअल क्लचच्या खोडी. पहिली सगळ्यांना भेटते. सरळ पट्टा संपतोय, चौथ्यात आहात, ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगमागचं डावं पॅडल दोनदा ओढलं. तिसरा पडला. दुसरा पडलाच नाही. आवाज नाही, कुरकुर नाही, डॅशवर ३ चा आकडा तसाच. वळणात तिसऱ्यात शिरता, बाहेर पडताना टर्बो झोपलेला, आणि मागून येणारा आरामात बाजूने जातो. चिडचिड होते. गिअरबॉक्सने हिशोब केलेला असतो की या वेगाला दुसरा टाकला तर इंजिन लाल रेषेच्या, म्हणजे फिरण्याच्या मर्यादेच्या, पलीकडे जाईल, म्हणून सरकारी कचेरीसारखा अर्ज नामंजूर. बऱ्याच गाड्या तो अर्ज फाइलला लावूनही ठेवत नाहीत. वेग उतरल्यावर पुन्हा ओढावं लागतं.

पण हीच घाई मॅन्युअलमध्ये केली तर? तो नाही म्हणत नाही. दांडा दुसऱ्यात जातो, क्लच सुटतो आणि चाकं इंजिनला फिरवायला लागतात. इंजिनचा वेग आवरणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडू शकतो, चाकांनी फिरवलेलं इंजिन थांबवू शकत नाही. व्हॉल्व आणि पिस्टनची गाठ पडली की पुढचं बोलणं थेट वर्कशॉपमध्ये. त्यामुळे त्या नकाराचा राग हळूहळू ओसरला. ब्रेक आधी, पॅडल नंतर, आणि दोन ओढ्यांमध्ये किंचित अवकाश, एवढी सवय लागली की नकार क्वचितच मिळतो. आतली रचना माहीत असेल तर कारणही पटतं: विषम गिअर एका क्लचवर, सम दुसऱ्यावर. पुढचा गिअर दुसऱ्या शाफ्टवर आधीच लावून तयार असतो म्हणून बदल झटक्यात होतो. पाचव्यातून थेट तिसरा मागितला तर दोन्ही एकाच क्लचचे. मग मध्ये चौथ्याला हात लावूनच जावं लागतं.

दुसरी खोड जास्त वाईट, आणि ती घ्यायच्या आधीच तपासता येते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तळाशी एक ‘टक’ लागतो, किकडाउनचा. काही गाड्यांत मॅन्युअल मोडमध्येही, म्हणजे गिअर आपण पॅडलने बदलत असतानाही, तो जिवंत असतो. म्हणजे वळणातून बाहेर येताना तुम्ही तिसऱ्यावर समाधानी आहात, पाय तळाला टेकवलात, आणि गाडी आपणहून दुसऱ्यात उतरली. पुढची चाकं सुटतात, नाक बाहेर पळतं. त्याचा भाऊबंद म्हणजे लाल रेषेवर न विचारता वरचा गिअर टाकणं. दोन्हींवर माझा उपाय एकच: पाय त्या ‘टक’च्या केसभर अलीकडे थांबवायचा आणि लाल रेषेच्या थोडं आधी स्वतःच पॅडल ओढायचं. जमतं. पण गाडीने आपल्याला शिस्त लावावी हे सगळ्यांना आवडेलच असं नाही.

मग मॅन्युअलमध्ये नडलं कुठे? हील-टोमध्ये, म्हणजे उजव्या पायाने ब्रेक दाबता दाबताच बुटाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी (ब्लिप) मारून खालच्या गिअरसाठी इंजिनचा वेग वाढवण्यात.

हील-टो येत नाही असं नाही. येतं, बरं येतं. पण रस्त्यावरच्या गाडीत ब्रेक अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा बराच वर असतो. ब्रेक जोरात दाबला की दोन्ही एका पातळीत येतात आणि बुटाची उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद पोचते. हे जमायला ब्रेक दर वेळी तेवढाच खाली जायला हवा. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत तो जातो. मग पॅड आणि ब्रेक ऑइल तापतं, ब्रेक थोडा मऊ होतो, अजून थोडा खाली जातो. आता तोच पाय, तोच बूट, पण ब्रेक दाबतानाच कड अ‍ॅक्सिलरेटरला लागायला लागते. पाय जरा डावीकडे घेतला तर पुढच्या वळणाला ब्लिप हुकतो आणि पुढची चाकं एक हिसका देतात. पुढच्या फेरीत माप परत बदललेलं. चांगले पॅड घातले, ताजं ब्रेक ऑइल भरलं, फरक पडला. पण माप बदलायचं ते बदलतच राहिलं. दुपारपर्यंत डोकं सगळं उजव्या घोट्यात. एपेक्स, म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू, कुठे होता, मागच्या वेळी ब्रेक कुठे मारला होता, पुढचा वळणातून कुठल्या लाइनने गेला, हे बघायला उरतं कोण?

मला निर्णय घ्यायला एवढं पुरलं. ड्युअल क्लचमध्ये ब्लिप गाडी मारते, दर वेळी सारखा, आणि उजव्या पायाला ब्रेकवर एकच काम राहतं. त्यातून एक फायदा झाला जो आधी डोक्यात आलाच नव्हता: ब्रेक मऊ व्हायला लागला की तो आता फेरीभर आधी कळतो. पूर्वी तो बदल हील-टोच्या झटापटीत हरवायचा आणि मी दोष पायाला द्यायचो. आता ब्रेक सैल वाटला की एक फेरी सावकाश मारून आत येतो.

ट्रॅक कुठला यावरही बरंच आहे. कोइमतूरचं कारी स्पीडवे जेमतेम दोन किलोमीटरचं, बराच वेळ दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. तिथे मित्राच्या मॅन्युअलला माझी गाडी काही फार मागे टाकू शकत नाही. हाताला काम आहे, मजा आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे त्याच्या गाडीतून उतरावंसं वाटत नाही. चेन्नईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटर आणि १२ वळणांचा, तिथे तराजू कलायला लागतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं. त्यावरचं ते लांबलचक, आत वळतच राहणारं उजवं वळण आठवा. गाडी वळणातच लाल रेषेला पोचते. मॅन्युअलमध्ये आपल्याकडे दांडा डावीकडे, म्हणजे डावा हात स्टिअरिंगवरून काढायचा, गाडी उजवीकडे वळवून धरलेली, क्लच दाबताच जोर तुटतो आणि नाक हलतं. ड्युअल क्लचमध्ये बोट हलतं, बाकी काही नाही. अशा वळणात मधोमध पॅडल ओढताना मी अजूनही थोडा बिचकतो, पण गाडीला काही वाटत नाही.

आम्ही घड्याळ कधी लावलं नाही, त्यामुळे सेकंदांचा हिशोब माझ्याकडे मागू नका. मला दिसतं ते असं: पहिल्या फेऱ्यांत आम्ही दोघं बरोबरीत. टायर आणि माणसं थकली की त्याच्या वळणांतल्या लाइन विस्कटतात, माझ्या त्या मानाने कमी. तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर आहे, हेही लिहून ठेवतो.

आता दुसऱ्या पारड्यात टाकायचं ते प्रामाणिकपणे टाकू. मॅन्युअल हलकी असते आणि ते नाकाला कळतं. वॉरंटी संपल्यावर मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे ड्युअल क्लचचे गिअर बदलणारं युनिट, गेलं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं, तर मॅन्युअलची क्लच प्लेट गावातला चांगला मेकॅनिकही बदलून देतो. जुनी गाडी घेत असाल, मालक तिसरा असेल आणि सर्व्हिसची कागदं अर्धवट असतील, तर मी स्वतः मॅन्युअलच घेईन. वॉरंटी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. शर्यतीचा वापर ती सहसा वगळते, आणि आपली नेहमीची मोटार पॉलिसी संघटित शर्यत व स्पीड टेस्टिंग वगळते. ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून, गिअरबॉक्स कुठलाही असो.

शिवाय वेग म्हणजे सगळं नव्हे, हे पोर्शेच्याच गिऱ्हाइकांनी दाखवलं. २०१३ ची ९११ जीटी३ फक्त पीडीकेवर, म्हणजे पोर्शेच्या ड्युअल क्लचवर, आली, लोकांनी ओरड केली आणि २०१७ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. २०२५ मध्ये तर यॉर्ग बर्गमाईस्टरने मॅन्युअल जीटी३ नूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत फिरवली; आधीच्या जीटी३ची पीडीकेवरची वेळ ६ मिनिटं ५९.९२७ होती. मॅन्युअलवाले मित्र हा आकडा तोंडावर फेकतातच. फेकू देत. गाडी नवी होती, टायर-सस्पेन्शन नवं होतं, आणि बर्गमाईस्टरचा घोटा माझ्या घोट्यासारखा नाही.

गिअर टाकण्यातच ज्याला सुख आहे, जो कारीला जास्त आणि नोएडाला कमी जाणार आहे, ज्याची गाडी घरात दुसरं कोणी चालवत नाही, त्याने मॅन्युअल घ्यावी. माझं ऐकून मन मारू नये. ट्रॅक शिकायचा आहे, म्हणजे लाइन, ब्रेकिंग, नजर कुठे ठेवायची, आणि वेळ फक्त वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांचा, त्याला मला वाटतं ड्युअल क्लचमध्ये लवकर हाती लागेल. हाताला दांड्याची आठवण येते, नाही असं नाही.

टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेल्समनला बाजूच्या सीटवर बसवून मोकळा रस्ता शोधा. मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर, कमी वेगात, अ‍ॅक्सिलरेटर ‘टक’च्या पलीकडे दाबा. गिअर न विचारता उतरला तर समजून घ्या की हे ट्रॅकवरही होणार. मग दुसऱ्यात इंजिन लाल रेषेपर्यंत नेऊन बघा, स्वतःहून वर जाते की थांबते. स्टिअरिंग वळवून पॅडल कुठे जातं तेही बघा. स्टिअरिंगबरोबर फिरणारं पॅडल तंग वळणात ऐनवेळी हाताला सापडत नाही. मॅन्युअल बघत असाल तर गाडी उभी असतानाच इंजिन चालू ठेवून ब्रेक पूर्ण दाबा आणि बुटाची कड अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचते का पाहा. मग ब्रेक अर्धाच दाबून परत पाहा. बूट मात्र ट्रॅकवर घालणार तेच घालून जा, चपला घालून गेलात तर यातलं काहीच कळणार नाही.