मुलाखती उतरवून काढण्यासाठी ओट्रान्स्क्राइब : मुक्त पत्रकाराचे मत

सामाजिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या मुक्त पत्रकाराचा बहुतेक वेळ लोकांमध्ये फिरण्यात जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात तितकाच वेळ ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून शब्दशः उतरवण्यात जातो. तासाभराच्या मुलाखतीला चार तास सहज लागतात आणि दोन-तीन माणसे एकदम बोलत असतील तर त्याहूनही अधिक. मानधन छापून आलेल्या लेखाचे मिळते, या तासांचे नाही. त्यामुळे हे काम हलके करणारे कोणतेही साधन मी कौतुकापेक्षा हिशेबाने तपासतो.

ओट्रान्स्क्राइब हे एलियट बेंटली या पत्रकाराने २०१३ मध्ये तयार केलेले मोफत साधन असून त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे. ते ब्राउझरमध्येच चालते. वर ध्वनिफितीची पट्टी आणि खाली लिहिण्याची कोरी जागा, एवढाच त्याचा पसारा आहे. एस्केप कळ दाबली की आवाज थांबतो किंवा पुन्हा सुरू होतो, एफ१ आणि एफ२ कळांनी मागे-पुढे जाता येते, एफ३ने वेग कमी होतो आणि एफ४ने वाढतो. ऐकण्याची खिडकी वेगळी आणि लिहिण्याची वेगळी असली की दर वाक्याला माउसकडे हात न्यावा लागतो. इथे बोटे कळफलकावरून हलत नाहीत आणि वेळेची खरी बचत यातच होते. मराठी टंकलेखनाला अडचण नाही. लॅपटॉपवर मात्र याच कळांना आवाज आणि प्रकाश कमी-जास्त करण्याचे काम दिलेले असते, तेव्हा सोबत एफएन कळ दाबावी लागते.

कंट्रोल आणि जे एकत्र दाबल्यास मजकुरात त्या क्षणाची वेळ उमटते आणि पुढे तिच्यावर क्लिक केले की ध्वनिफीत नेमक्या त्या जागी पोहोचते. एखाद्या आरोपाबाबत संपादकाने मध्यरात्री ‘हे त्या नक्की याच शब्दांत म्हणाल्या का?’ असे विचारले, तर उत्तर मिनिटभरात देता येते. माझ्या मते मुक्त पत्रकारासाठी हीच सर्वांत मोलाची सोय आहे, कारण वादाच्या प्रसंगी त्याच्या पाठीशी वृत्तपत्राचा विधी विभाग असेलच असे नाही.

दुसरी जमेची बाजू गोपनीयतेची. निवडलेली ध्वनिफीत आणि लिहिलेला मजकूर आपल्याच संगणकावर राहतो. आपोआप लेखन करून देणाऱ्या अनेक सेवांना मात्र ध्वनिफीत त्यांच्या सर्व्हरवर पाठवावी लागते. पत्रकार परिषदेसाठी अशी सेवा मी बिनदिक्कत वापरेन. पण घरातल्या मारहाणीबद्दल किंवा मालकाने थकवलेल्या मजुरीबद्दल कोणी नाव न छापण्याच्या अटीवर बोलले असेल, तर तो आवाज तिसऱ्याच्या हाती देण्याची परवानगी आपण घेतलेली नसते. शिवाय स्वतः ऐकताना अडखळणे, विषय बदलणे आणि दुसऱ्यांदा सांगताना तपशिलात पडलेला फरक लक्षात येतो, आणि पुढचा प्रश्न बहुधा तिथेच सापडतो.

आता उणिवा. हे साधन स्वतः काहीही उतरवून देत नाही; तशी अपेक्षा असणाऱ्यांची निराशा होईल. मजकूर आपोआप जतन होतो खरा, पण त्याच ब्राउझरच्या साठ्यात. साठा पुसला गेला की मजकूरही गेला, आणि दुसऱ्या संगणकावर तो आपोआप दिसत नाही. म्हणून दिवसाअखेर मजकुराची फाइल डाउनलोड करून ठेवण्याची शिस्त आवश्यक आहे. काम पुन्हा सुरू करताना ध्वनिफीतही नव्याने निवडावी लागते. गटचर्चेत कोण बोलले हे प्रत्येक वेळी स्वतः लिहावे लागते, आणि सारी भिस्त कळफलकावर असल्यामुळे मोबाइलवर याचा फारसा उपयोग नाही.

रोज ठरावीक वेळेत बातमी देणाऱ्या वार्ताहराला मी याचा आग्रह करणार नाही; त्याला स्वयंचलित सेवाच परवडेल. मोजक्या पण दीर्घ मुलाखतींवर आठवडेच्या आठवडे काम करणाऱ्याने मात्र पैसे मोजून घेण्याच्या साधनांकडे वळण्यापूर्वी हे वापरून पाहावे.