कलमांच्या बागेत बेणणी: बसून चालवायचा मोवर की खांद्यावरचा ग्रासकटर?

पाऊस ओसरला की रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या कलमांच्या बागांत बेणणी, म्हणजे झाडांखालचं गवत-झुडपं कापणं, सुरू होते. समुद्रालगतच्या रिसॉर्टांच्या सपाट हिरवळींवर दिसणारा बसायचा मोवर, म्हणजे गवत कापायचं चाकांचं यंत्र, आपल्या बागेत आणावा का?

आधी उतार बघा. साधारण 15 अंशांपेक्षा जास्त चढावर मोवर नेऊ नये, असं बहुतेक उत्पादक सांगतात. म्हणजे दहा फूट आडव्या अंतराला सुमारे पावणेतीन फूट चढ. त्याहून कमी असला तरी मोवर सरळ वर-खाली न्यायचा, आडवा नेला की कलंडायची भीती. वळण सपाटीवर, सावकाश. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) किंवा मळीच्या (उतारावर पायरीसारख्या केलेल्या सपाट तुकड्याच्या) कडेला तर जाऊच नका. ओल्या गवतावर चाकं घसरतात आणि आपल्याकडे दव सकाळी उशिरापर्यंत असतं! सीटवरून उठल्यावर पातं बंद करणारा स्विच असतो. तो तार जोडून बायपास करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मागे घेताना पातं बंद करून वळून बघायचं, आणि पोराला मांडीवर बसवून फेरी तर कधीच नाही.

ग्रासकटर उतारावर, कलमाच्या बुंध्याशी, कातळाच्या खाचीत कुठेही जातो. पण जांभ्याचे खडे गोळीसारखे उडवतो. चष्मा, गमबूट, जाड पँट हवीच, आणि 15 मीटरच्या आत माणूस, गुरं नकोत. शिवाय कंबर मोडते.

उतारावरच्या अशा मळ्यांच्या बागेला माझं मत ग्रासकटरला. पेट्रोल मात्र दोन्हींत इंजिन थंड झाल्यावरच भरा.