कॅलिफोर्निया लॉटरी: तिकीट म्हणून चांगली, शाळांचा आधार म्हणून तोकडी

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये कोणी लॉटरीचे तिकीट काढले की ‘लागली नाही तरी पैसे शाळांनाच जातात’ हे वाक्य हमखास ऐकू येते. माझी मुले इथल्या सरकारी शाळेत शिकत असल्याने ते वाक्य मला तपासून पाहावेसे वाटले.

आधी तिकिटाबद्दल. सुपरलोटो प्लस हा राज्याचा स्वतःचा खेळ असून पेट्रोल पंपावरच्या दुकानात किंवा किराणा दुकानातल्या यंत्रावर त्याचे तिकीट एक डॉलरला मिळते. १ ते ४७ मधले पाच आकडे आणि १ ते २७ मधला एक ‘मेगा’ आकडा निवडायचा. सगळे जुळण्याची शक्यता सुमारे ४ कोटी १४ लाखांत एक. निकाल मोबाइलवर तिकीट स्कॅन करून लगेच कळतो, ५९९ डॉलरपर्यंतचे बक्षीस दुकानदारच देऊ शकतो आणि बक्षिसावर राज्याचा आयकर लागत नाही, केंद्राचा मात्र लागतो. खालच्या बक्षिसांच्या रकमा ठरलेल्या नसून विक्री आणि विजेत्यांच्या संख्येप्रमाणे दर सोडतीला बदलतात, हे नवख्याने लक्षात ठेवावे. सेवा म्हणून हे सारे चोख आहे.

खरी उलाढाल मात्र खरवडून पाहायच्या तिकिटांची आहे. आमच्या भागातल्या एका दुकानात ती गल्ल्याशेजारी पारदर्शक खणांत लटकलेली असतात. वेगवेगळ्या किमतींची. गिऱ्हाईक तिथेच उभे राहून नाण्याने खरवडते, पाच डॉलर लागले तर त्याचेच दुसरे तिकीट घेते, आणि मागची रांग थांबून राहते. हे पाहताना मला वाईट वाटते, कारण शाळेच्या नावाने गोळा होणारा पैसा बराचसा असाच जमतो.

आता शाळांचा हिशोब. १९८४ मध्ये मतदारांनी लॉटरीला मंजुरी दिली आणि १९८५ मध्ये विक्री सुरू झाली, तेव्हा उत्पन्नातला किमान ३४ टक्के वाटा शिक्षणाला देणे कायद्याने बंधनकारक होते. २०१० मध्ये ही अट बदलून बक्षिसे आणि शिक्षण मिळून किमान ८७ टक्के, अशी नवी रचना आली. बक्षिसे वाढवली की विक्री वाढेल आणि शाळांच्या पदरात एकूण रक्कम जास्त पडेल, हा त्यामागचा तर्क होता. तो खरा ठरला: अलीकडे शिक्षणाला वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या आसपास मिळतात. पण डॉलरमागे शाळांचा वाटा साधारण २३ सेंटवर आला, म्हणजे शाळेला एक डॉलर मिळण्यासाठी लोकांनी चार डॉलरहून अधिक रकमेची तिकिटे घ्यावी लागतात. या व्यवहारात तिकीट घेणारा माणूस करदात्याची जागा घेतो, आणि ते मला पटत नाही.

इतके करूनही सरकारी शाळांच्या एकूण खर्चात लॉटरीचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच आहे. विद्यार्थ्यांच्या सरासरी हजेरीनुसार ही रक्कम दर तिमाहीला शालेय जिल्ह्यांना (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) वाटली जाते. तिच्यातून जमीन घेता येत नाही की इमारत बांधता येत नाही. २००० मध्ये मतदारांनी मान्य केलेल्या नियमानुसार वाढीव रकमेचा अर्धा भाग पाठ्यपुस्तके आणि शैक्षणिक साहित्यावरच खर्चावा लागतो, हे मात्र चांगले झाले.

नुकसान होते ते लोकांच्या समजुतीत. शाळा मालमत्ता कर आणि राज्याच्या आयकरावर चालतात, पण शाळेसाठी स्थानिक पार्सल टॅक्सचा, म्हणजे प्रत्येक भूखंडामागे लावायच्या कराचा, प्रस्ताव आला, ज्याला सहसा दोनतृतीयांश मते लागतात, की ‘लॉटरीचे पैसे कुठे जातात?’ असे विचारले जातेच. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. पण तिच्यावर शाळा चालतात असे तिथे कोणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही. इथे ती समजूत जाहिरातींनीच रुजवली आहे.

करमणूक म्हणून कधीतरी एक डॉलरचे तिकीट घ्यायला माझी हरकत नाही. शाळेला मदत करायची असेल तर वर्गासाठी थेट देणगी द्यावी आणि पार्सल टॅक्सचा मसुदा वाचून मत द्यावे. लॉटरीने आपल्या प्रत्येक जाहिरातीत, शाळांच्या उल्लेखाइतक्याच ठळक अक्षरांत, डॉलरमागचे २३ सेंट आणि एकूण खर्चातला तो एक टक्का हे दोन्ही आकडे छापावेत, अशी माझी मागणी आहे.