सिझरनंतर नॉर्मलसाठी निवडलेलं हॉस्पिटल, ५ पैकी ४ स्टार

पहिलं सिझर होतं आणि दुसऱ्या वेळी नॉर्मल ट्राय करायचं होतं म्हणून इथे नाव घातलं. पहिल्याच व्हिजिटला मॅडमनी विचारलं, आधीच्या ऑपरेशनचे पेपर कुठायत? माझ्या डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'सिझेरियन' एवढंच. त्या म्हणाल्या पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून आत गर्भपिशवीवरचा पण आडवाच असेल असं नाही, ऑपरेशन नोट्स आणा. जुन्या हॉस्पिटलने त्यासाठी तीन चकरा मारायला लावल्या, आपलेच पेपर मागतोय ना आपण, अजून राग येतो. छेद आडवा, खालच्या भागात निघाला, म्हणजे कळांमध्ये पिशवी फाटायचा धोका साधारण २०० त एकीला. उभा असता तर नॉर्मलचं नावच काढू दिलं नसतं. कळा आणायला मिसोप्रोस्टॉलची गोळी सिझरवालीला देत नाही, हे पण आधीच सांगून ठेवलं.

लेबर रूममध्ये बाळाचे ठोके मोजणारा पट्टा सतत पोटावर, कूस बदलायची पण चोरी, मी जाम वैतागलेले. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं तेव्हा कळ ओसरली तरी खाली टाक्याच्या जागी दुखायचं थांबेना, सिस्टरना सांगितलं तर त्या 'कळा अशाच असतात' म्हणाल्या नाहीत, मशीनमधून येणारी कागदाची पट्टी बोटांत धरून बघत राहिल्या, १४० चे ठोके ८० वर आले आणि वर चढेचनात, लघवीच्या नळीला लावलेल्या पिशवीत लालसर दिसायला लागलं, त्यांनी बेल दाबली आणि पुढचं सगळं पळतच झालं. भूलवाले डॉक्टर रात्रीचे तिथेच होते, घरून बोलवावे लागले नाहीत. नाव घालायच्या आधी प्रत्येकीने हे विचाराच, रात्री भूलवाले आणि ओटीचा स्टाफ बिल्डिंगमध्ये असतो का.

जुना टाका उसवला होता. पिशवी शिवली, काढावी लागली नाही. मला पूर्ण भूल होती त्यामुळे मुलीचं पहिलं रडणं नवऱ्याने दाराबाहेरून ऐकलं, पण बायको कशी आहे हे त्याला कितीतरी वेळ कोणी बाहेर येऊन सांगितलं नाही, एक स्टार त्याचा कापला. एक माणूस दोन वाक्यं बोलून गेला असता तरी चाललं असतं हो.

यावेळच्या डिस्चार्ज कार्डवर मात्र कुठे फाटलं, कसं शिवलं सगळं लिहून दिलंय, आणि खाली लाल पेनाने, पुढच्या वेळी कळा यायच्या आधीच सिझर.