पोळ्यातून अळी निघाली, तरी तीन स्टार देतोय

महाबळेश्वरला बाजारातल्या एका दुकानातून (नाव नाही लिहीत, भांडायचं नाहीये) सातेरीचा (ही आपली देशी मधमाशी) अर्धा किलो मध, पोळ्याचा एक तुकडा आणि परागाची छोटी बाटली घेतली. मध एकच नंबर, जांभळाचा आहे, शेवटी जिभेवर किंचित कडवट लागतो, त्यात काही बोलायचं नाही.

पण पोळ्याचा डबा चार दिवसांनी उघडला तर आत कोळिष्टकासारखी जाळी आणि पांढरट अळी वळवळतेय! बायको म्हणाली फेका, पोटात जंत होतील. मामाच्या मधपेट्या आहेत, त्याला फोटो टाकला तर तो हसायलाच लागला, म्हणे अरे हा मेणकिडा, एका पतंगाची अळी, मेण-पराग खाते, माणसाच्या पोटात राहत नाही. मधमाशीवरचा व्हरोआ नावाचा लालसर गोचीडही तसाच, जेमतेम दीड मिलिमीटर, माशीला छळतो, माणसाला नाही. नोसिमा तर माशीच्याच आतड्यातला रोग. मामाचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. पोळं काळपट दिसतंय म्हणजे त्यात पिल्लं वाढलेली, मधाचं पोळं पिवळसर-पांढरं असतं, हे खायला विकायचं का? आणि व्हरोआ मारायला काहीजण पेटीत फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या लावतात, ते औषध मेणात साठतं, मग मेण चघळताना विचार नको का करायला. दुकानदाराला विचारलं तर त्याला पट्ट्या म्हणजे काय हेच माहीत नव्हतं 🙄

परागाचे दाणे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. ओल राहिली की बुरशी धरते, बारीक किडे होतात, आणि ज्यांना परागाची ॲलर्जी आहे त्यांना किडा असो नसो, त्रास होऊ शकतो. बाटलीवर एक शब्द नाही.

एक स्टार मात्र मुद्दाम कापलाय. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या सात-आठ महिन्यांच्या बाळाला दुकानदार बोटाने मध चाटवायला निघाला होता. आपल्याकडे बाळाला मध-सोनं चाटवतात हे खरं, पण मधात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मी सांगितलं तर म्हणे आमच्या आजीने सगळ्यांना चाटवलाय.

मध परत घेईन. पोळं घेतलंच तर पिवळं बघून, आणि घरी आल्या आल्या दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये, अंडी-अळी सगळं मरतं.