हायकोर्ट जज व्हायचंय: वकिलीतून की न्यायसेवेतून?

भाची लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, प्रॅक्टिस करू की जेएमएफसी (दिवाणी न्यायाधीशाची भरती परीक्षा) देऊ? शेवटी हायकोर्टातच बसायचंय," म्हणाली.

घटनेच्या कलम २१७ मध्ये दोन्ही दारं आहेत: दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षं हायकोर्टातली वकिली. पहिली तीन वर्षं तर सारखीच, कारण २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली.

पैसा? दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये. ज्युनियर वकील सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी बघतो, फायली उचलतो, तारीख मागतो आणि महिनाअखेर लोकलचा पास निघाला तरी खूश असतो. पुढे जम बसला की मात्र हायकोर्ट जजचा २.२५ लाख पगार त्याला थोडका वाटतो.

खरी मेख वयाची. हायकोर्ट जज ६२ ला निवृत्त होतो. तालुक्यापासून पायऱ्या चढत, बदल्या झेलत जिल्हा न्यायाधीश होईपर्यंत केस पिकतात. मग हायकोर्टात उरतात ती थोडी वर्षं. वकील बहुधा पंचेचाळिशी-पन्नाशीत उचलला जातो, आणि प्रघातानुसार जास्त जागाही वकिलांकडेच जातात. पण तिथे अर्ज नसतो. कॉलेजियमने, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, नाव सुचवलं तर.

घरी कमावतं कोणी नसेल, तर परीक्षा द्यावी. हायकोर्ट हुकलं तरी न्यायाधीशपद हातात राहतं. दहा वर्षं ओढगस्त सोसायची तयारी आणि उभं राहून भांडायची हौस असेल, तर वकिली. भाचीला मी दुसरं, म्हणजे वकिली, सांगितलं. तिच्या आईला ते पटलेलं नाही.